शाळेच्या नावे

शाळेचा वार्षिक बक्षीस समारंभ चालू होता. पटांगणात झटकलेल्या सतरंज्यांची धूळ अजून हवेत तरंगत होती, माइक मधूनच किंचाळत होता, पहिल्या रांगेतली मुलं गणवेशाच्या कडक कॉलरशी झटापट करत होती. निवेदिका एकेक नाव वाचत होत्या. "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, इयत्ता दहावीत गणित विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस..." दोन वेण्यांची एक मुलगी आली, वाकून नमस्कार केला, पाकीट घेतलं आणि जागेवर जाऊन उघडलं. आत रुपये चाळीस. शेजारणीने डोकावून पाहिलं, दोघी काही बोलल्या नाहीत, आणि पाकीट दप्तरात गेलं. पाच-साडेपाच दशकांपूर्वी कोणा निवृत्त शिक्षिकेने शाळेकडे एक हजार रुपये कायम ठेव म्हणून दिले होते. त्या काळी त्यात काही तोळे सोनं आलं असतं. व्याज मात्र त्या हजारावरच मिळत राहिलं. ते दरवर्षी सगळं वाटलं गेलं, मुद्दल होतं तिथेच थांबलं, आणि बाहेर वहीची किंमतसुद्धा वाढत गेली.

ते पाकीट डोक्यातून जात नाही. त्या बाईंच्या मनात काहीच खोट नव्हती. गणित शिकवताना फळ्यापाशी उभं राहून काढलेली सारी वर्षं त्या हजारात होती. तरी त्यांची इच्छा वर्षागणिक बारीक होत गेली, कारण ती ज्या वाक्यात लिहिली त्या वाक्याला पुढच्या काळाची कल्पना नव्हती. मृत्युपत्र करायला बसलेल्या माणसाला शाळा आठवते, हे तर फार स्वाभाविक आहे. मुलं परदेशात किंवा आपापल्या जागी स्थिर, घर आहे, थोड्या ठेवी आहेत, आणि मनात कुठेतरी ती कौलारू इमारत, शेणाने सारवलेला वर्ग, पाटीवरची ओली बोटं. माणूस म्हणतो, थोडं शाळेला जाऊ दे. वकीलही मान डोलावतात आणि एक ओळ टंकली जाते: "माझ्या मिळकतीपैकी पाच लाख रुपये माझ्या गावच्या शाळेला द्यावेत." एवढ्या एका ओळीत किती गोष्टी अडू शकतात, याची कल्पना तिथे बसलेल्या कोणालाच नसते.

पहिली अडचण म्हणजे शाळा कायद्याच्या नजरेत बहुधा कोणीच नसते. इमारत असते, मुख्याध्यापक असतात, यू-डायस या शासकीय नोंदीचा अकरा आकडी क्रमांक असतो, पण दान स्वीकारणारी, मालक होऊ शकणारी असते ती शाळा चालवणारी संस्था. महाराष्ट्रात ती बहुतेक वेळा दोनदा नोंदलेली असते: १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एकदा आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली एकदा. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक साधारणपणे 'एफ' या अक्षराने सुरू होतो आणि कंसात जिल्ह्याचं नाव येतं. संस्थेकडून परिशिष्ट एकचा उतारा मागावा. त्यावर संस्थेचं नेमकं नाव, पत्ता, क्रमांक आणि विश्वस्तांची नावं असतात. उताऱ्यावरचं नाव अक्षरशः तसंच मृत्युपत्रात उतरवावं, 'मंडळ'च्या जागी 'समाज' होऊ देऊ नये, आणि मग लिहावं: "...या संस्थेस, तिच्या अमुक गावातील अमुक विद्यालयाच्या उपयोगासाठी." हे शेवटचे शब्द राहिले, तर पैसा संस्थेच्या मुख्य कार्यालयात जाऊन तिच्या दुसऱ्या कुठल्या शाखेच्या बांधकामात मुरू शकतो, आणि त्यात बेकायदा काहीच नसतं. उतारा मागताना आणखी एक पाहून घ्यावं. विश्वस्तांच्या यादीत दहा वर्षांपूर्वी वारलेल्यांची नावं असतील, तर संस्थेत बदल अर्ज (विश्वस्त किंवा मिळकत बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची खबर) पडून आहेत किंवा दोन गटांत वाद आहे, असं बहुतेक वेळा निघतं. अशा संस्थेला गेलेला पैसा ज्या बँकखात्यात पडतो, त्यावर सही कोणाची यावरूनच भांडण सुरू होतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेचं वेगळं. तिथे मालक जिल्हा परिषद, आणि शाळा व्यवस्थापन समिती ठरावीक काळाने बदलणारी. छोट्या रकमेचं, एकदाच करायचं काम असेल तर ते हयातीतच करून द्यावं, डोळ्यांनी पाहावं. मोठी रक्कम कायमची ठेवायची असेल तर त्या गावासाठी किंवा तालुक्यासाठी काम करणाऱ्या एखाद्या नोंदलेल्या विश्वस्त संस्थेकडे, त्या शाळेचं नाव घालून, ती सोपवावी. मृत्युपत्रातूनच नवा न्यास उभा करायचाही मार्ग आहे. पण मग तो धर्मादाय कार्यालयात नोंदवण्याची जबाबदारी एक्झिक्युटरवर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी त्यात नेमलेल्या माणसावर, येते. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब, मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यातली आधी येईल ती मुदत. घरात सुतक फिटून कागदपत्रं शोधेपर्यंतच त्यातले दोन महिने गेलेले असतात.

मग प्रश्न येतो, काय द्यायचं. इथे मराठी माणसाचा नेमकेपणा त्याच्यावरच उलटतो. "अमुक बँकेतील ठेवपावती क्रमांक अमुक शाळेस द्यावी" असं लिहिलं जातं. ती ठेव तीन वर्षांनी मोडते किंवा नव्या क्रमांकाने चालू होते. मृत्यूच्या दिवशी ती विशिष्ट वस्तू मिळकतीत नसेल तर ते दान संपतं, असं भारतीय उत्तराधिकार अधिनियम सांगतो. तेच पैसे दुसऱ्या पावतीत आले होते हे सिद्ध करणं वारसांच्या मर्जीवर आणि वकिलाच्या फीवर जातं. ठरावीक रक्कम लिहिली तर दुसराच धोका असतो. शेवटचं आजारपण लांबलं, रुग्णालयाची बिलं झाली, की पाच लाख शाळेला आणि पत्नीला काहीच नाही, अशी वेळ येते. म्हणून टक्केवारी बरी. कर्ज, औषधोपचार, अंत्यविधी आणि नेमून दिलेल्या वाटण्या वजा जाता जी शेष मिळकत उरेल तिच्या दहा किंवा वीस टक्के. पैसा वाढला तर शाळेचा वाटा वाढतो, घटला तर घरच्यांवर अन्याय होत नाही.

फ्लॅट थेट संस्थेच्या नावे करणं मनाला भव्य वाटतं, पण संस्थेला बहुधा जड जातं. सोसायटीचं सभासदत्व, मेंटेनन्स, भाडेकरू, गळणारी गच्ची. शिवाय एकदा ती मिळकत विश्वस्त संस्थेच्या मालकीची झाली, की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. मूल्यांकन, जाहीर निविदा, सुनावणी, यात महिने जातात, कधी वर्षं. त्यापेक्षा मृत्युपत्रात एक्झिक्युटरला विक्रीचा स्पष्ट अधिकार द्यावा: फ्लॅट विकून, खर्च वजा जाता, निव्वळ रक्कम संस्थेस द्यावी. शेअरचंही तसंच. करमाफी टिकवायची तर संस्थेला शेअर फार काळ बाळगता येत नाहीत.

आणि जमीन. याविषयी जरा थांबून बोलायला हवं, कारण गावाकडच्या माणसाच्या मनात शाळेला द्यायची पहिली गोष्ट हीच असते. शाळेच्या कुंपणाला लागून असलेला पाऊण एकराचा तुकडा, बांधावर दोन आंबे, मुलांनी तिथे खेळावं ही इच्छा. सातबाऱ्यावर ती शेतजमीन असेल तर १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आड येतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन हस्तांतरित करायला परवानगी लागते. मृत्युपत्र म्हणजे हस्तांतरण नव्हेच, असा युक्तिवाद पुष्कळ वर्षं होत राहिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका खटल्यात, याच जुन्या मुंबई कायद्याचा अर्थ लावताना, मृत्युपत्रानेही ही बंदी टाळता येणार नाही असं ठरवलं. कुळाला कायद्याने मिळालेल्या जमिनीवर तर त्याच कायद्याच्या कलम ४३ ची आणखी एक अट असते. म्हणजे तलाठ्याकडे फेरफार घालायला गेलेले मुख्याध्यापक हात हलवत परततात, आणि तुकडा भावाभावांत वाटला जातो. जमीनच द्यायची असेल तर हयातीत तहसीलदार, जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी घेऊन, गरज असेल तर बिनशेती करून, मोजणी करून घेऊन, बक्षीसपत्राने द्यावी. मुद्रांक शुल्क लागेल, हेलपाटे होतील. पण कुंपण हलवलेलं आपल्या डोळ्यांना दिसेल.

पुढचा मुद्दा एका शब्दाचा आहे, आणि तो गाळल्यामुळे झालेलं नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही.

तो शब्द म्हणजे कायम निधी, हिशेबनिसांच्या भाषेत कॉर्पस. करमाफी असलेल्या संस्थेला वर्षभरात मिळालेल्या उत्पन्नापैकी ८५ टक्के त्याच वर्षी कार्यावर खर्च करावे लागतात, नाहीतर रीतसर अर्ज भरून ठरावीक उद्देशासाठी राखावे लागतात. "ही रक्कम संस्थेच्या कायम निधीत जमा करावी व फक्त उत्पन्न वापरावं" असा देणाऱ्याचा लेखी निर्देश असेल तरच ती रक्कम या हिशेबातून बाहेर राहते, आणि मग ती कायद्याने ठरवलेल्या सुरक्षित गुंतवणुकीतच ठेवावी लागते. निर्देश नसेल तर मार्चअखेर आली की कोषाध्यक्ष घाबरून सगळ्या वर्गांना नवे पंखे आणि व्यासपीठाला नवा पडदा घेऊन टाकतात. आणि कायम निधी लिहितानाच त्या चाळीस रुपयांचा बंदोबस्त करावा. समजा पाच लाख सात टक्क्यांनी ठेवले, वर्षाला पस्तीस हजार आले. त्यातले दहा हजार दरवर्षी मुद्दलात परत टाकावेत, पंचवीस हजार वापरावेत, असं वाक्य घालावं. पहिल्या वर्षी बक्षीस थोडं लहान दिसेल. पण मुद्दल दरवर्षी मूळ रकमेच्या दोन टक्क्यांनी वाढत राहील. महागाईला ते पुरतं पुरणार नाही, तरी पन्नास वर्षांनी पाकीट उघडणाऱ्या मुलीला ते उघडून बंद करावंसं वाटणार नाही.

अटींबद्दल लिहिताना मात्र मन दोन्हीकडे ओढलं जातं. ज्याने आयुष्यभर राबून पैसा साठवला, त्याने तो कशासाठी जावा हे सांगू नये असं कसं म्हणायचं? आईचं नाव राहावं, संस्कृत शिकवलं जावं, आपल्या आळीतल्या मुलींना सायकली मिळाव्यात, या इच्छांमध्येच देणारा माणूस जिवंत असतो. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख दिले आणि आई नाथीबाईंचं नाव त्या विद्यापीठाला कायमचं लागलं. नावाने कोणाची वाट अडत नाही, उलट जबाबदारी वाढते. वाट अडते ती अरुंद अटीने. फिलाडेल्फियात स्टीफन जिरार्ड हा धनाढ्य व्यापारी १८३१ मध्ये वारला. अनाथ मुलांच्या निवासी शाळेसाठी त्याने अफाट संपत्ती ठेवली, पण मृत्युपत्रात लिहिलं की मुलं गरीब, गोरी आणि पुरुषच असावीत. शंभराहून अधिक वर्षांनी त्याच शाळेच्या उंच भिंतीभोवती कृष्णवर्णीय वस्ती होती आणि तिथल्या मुलांना आत प्रवेश नव्हता. मोर्चे निघाले, खटले वर्षानुवर्षं चालले, १९६८ मध्ये पहिली काळी मुलं आत गेली आणि मुलींना १९८४ पर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडेही 'अमुक पोटजातीतील गरीब विद्यार्थ्यास' अशी बक्षिसं शाळांच्या जुन्या वह्यांत आहेत. कित्येक वर्षं पात्र विद्यार्थीच सापडत नाही, आणि शेजारच्या बाकावरची हुशार, गरजू मुलगी नियमात बसत नाही.

काळ कसा वळण घेईल हे शहाण्यातल्या शहाण्या माणसालाही दिसत नाही. 'मॅट्रिकला पहिला येणारा' असं लिहिलेलं बक्षीस आधी अकरावीच्या एसएससीला लावलं गेलं, १९७५ मध्ये दहावी आली तेव्हा पुन्हा अर्थ लावावा लागला, आणि आता कित्येक शाळा क्रमांकच जाहीर करत नाहीत. जो आज मृत्युपत्र लिहितो आहे त्याच्यापुढचा सगळ्यात दुखरा प्रश्न माध्यमाचा आहे. ज्या शाळेला आपण देतो आहोत ती उद्या सेमी-इंग्रजी होईल, परवा पूर्ण इंग्रजी होईल, किंवा पट घसरून शेजारच्या शाळेत समायोजित होईल. मग आपला पैसा कोणाचा? त्या इमारतीचा, मराठीतून शिकण्याचा, की त्या गावच्या मुलांचा? तिन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत, पण मृत्युपत्रात एकच पहिलं लिहिता येतं. ज्याला मराठी माध्यम प्राणापलीकडे आहे त्याने तसं स्पष्ट लिहावं: या विद्यालयात मराठी माध्यमाचे वर्ग चालू असेपर्यंत, त्यानंतर त्याच तालुक्यातील मराठी माध्यमाच्या अमुक संस्थेस. ज्याला गावची मुलं महत्त्वाची त्याने माध्यमाचा उल्लेखच करू नये. माझं मत विचाराल तर पत्त्याच्या बाबतीत कठोर व्हावं आणि उपयोगाच्या बाबतीत उदार. बहुतेक मृत्युपत्रं नेमकी उलट असतात, 'गावची शाळा' एवढाच पत्ता आणि अटी मात्र अर्धं पान.

उपयोगाबद्दल शाळेलाच विचारलं तर उत्तर अनेकदा अनपेक्षित येतं. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार शासन देतं, पण वेतनेतर अनुदान अपुरं येतं आणि उशिरा येतं. देणाऱ्याला सभागृह बांधायचं असतं, संगमरवरी पाटी लावायची असते, आणि मुख्याध्यापकांना हवा असतो मुलींचं स्वच्छतागृह दररोज धुणाऱ्या बाईंचा पगार, प्रयोगशाळेतलं ॲसिड आणि काचेची भांडी, वीजबिल, पावसाळ्याआधी कौलं चाळायची मजुरी. आठवीतल्या कितीतरी मुली महिन्यातले चार दिवस घरी राहतात ते पाणी नसलेल्या त्या खोलीमुळे. "विद्यालयाच्या देखभालीसाठी व विद्यार्थ्यांच्या गरजांसाठी, व्यवस्थापन योग्य समजेल त्याप्रमाणे" हे वाक्य ऐकायला रुक्ष आहे, पण त्यात पन्नास वर्षं टिकायची ताकद आहे. स्वतःची आवड त्याच्यापुढे जोडावी: शक्यतो ग्रंथालयास प्राधान्य द्यावं. 'शक्यतो' हा शब्द पुढच्या मुख्याध्यापकाला श्वास घेऊ देतो. आणि शाळाच बंद झाली तर पुढे कोण, हे न लिहिल्यास विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५५ खाली मूळ हेतूच्या जवळचा हेतू न्यायालयाकडून ठरवून घ्यावा लागतो. तोवर पैसा बँकेत पडून राहतो.

सही-साक्षीचं फार अवघड नाही, तरी तिथेच मृत्युपत्रं कोसळतात. मुद्रांक शुल्क लागत नाही, साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदवलेलं बरं. तिथला शिक्क्यांचा खडखडाट, अंगठ्याची शाई, टोकन घेऊन बाकावर काढलेला अर्धा दिवस, या सगळ्यामुळे नंतर 'ही सही त्यांची नाहीच' म्हणणाऱ्याचा आवाज खाली येतो. साक्षीदार किमान दोन, आणि दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ती सही आपली असल्याचं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. दोघांनीही त्याच्या समोर सही करावी. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्यावेत, कारण पुढे कोर्टात निदान एकाला उभं राहावं लागू शकतं. शाळेचे विश्वस्त किंवा मुख्याध्यापक यांना साक्षीदार करूच नये, वारसांच्या हाती आयता संशय जातो. वय झालं असेल तर नेहमीच्या डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडावा. बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव असलं तरी नॉमिनी हा मालक नसतो, शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. तरी मृत्युपत्र एक आणि नॉमिनी दुसरा असला की पैसा आधी नॉमिनीच्या हातात पडतो आणि शाळेला मागायला जावं लागतं. शाळा कोणाच्या मुलावर दावा लावत नाही. ती सोडून देते.

काही घरांत कायदाच हात बांधतो. गोव्यात सक्तीचे वारस असतील तर आपल्या हिश्शाच्या निम्म्यावरच मृत्युपत्र चालतं आणि ते नोटरीपुढे रीतसर करावं लागतं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. ख्रिस्ती कुटुंबांवर धर्मादाय दानासाठी मृत्यूच्या बारा महिने आधी मृत्युपत्र केलेलं असण्याची जाचक अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली, पण काही जुनी माणसं अजूनही ती सांगताना आढळतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसांनी एक नीट ध्यानात घ्यावं. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाचं दान हे परकी दान धरत नाहीत, पण अमेरिकी नागरिक झालेल्याचं धरतात, मग तो चाळिशीपर्यंत सदाशिव पेठेत का राहिला असेना. त्यासाठी शाळेच्या संस्थेकडे एफसीआरए (परकी देणग्यांचं नियमन करणारा कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. गावच्या छोट्या संस्थेकडे ते नसतंच. मृत्युपत्र लिहिण्याआधी विचारून घ्यावं.

घरच्यांशी बोलणं हा या सगळ्यातला सगळ्यात कठीण भाग. पत्नीच्या हयातीत घर तिच्याकडे, तिच्या पश्चात विकून शाळेचा वाटा, अशी रचना बहुतेकांना पटते. पण मुलांना हे मृत्यूनंतर लिफाफ्यातून कळलं, तर त्यांना बापाची शाळा आपल्या वाट्याला आलेली स्पर्धक वाटते. तेच जेवणानंतर, सुपारी कातरताना, "मला हे का द्यायचं आहे" म्हणून सांगितलं तर निम्मी मुलं स्वतःहून भर घालायला तयार होतात. जी होत नाहीत त्यांच्यासाठी मृत्युपत्रात दोन ओळी लिहाव्यात: मुलांवर रोष नाही, त्यांना हयातीत अमुक दिलेलं आहे, हे दान पूर्ण विचारांती करत आहे. न्यायाधीश या ओळी आवर्जून वाचतात.

आणि एक्झिक्युटर असा नेमावा, ज्याला शाळेचा रस्ता माहीत आहे. त्याच्यामागे पर्यायी एकाचं नाव घालावं. मुंबईतल्या मिळकतीला प्रोबेटची जी सक्ती होती ती संसदेने २०२५ च्या अखेरीस उठवली, तरी वादाची कुणकुण असेल तर प्रोबेट घेतलेलं हिताचं. रक्कम देताना एक्झिक्युटरने संस्थेला पत्र द्यावं, त्यात कायम निधीचा निर्देश पुन्हा उतरवावा, आणि पावतीवर 'कायम निधी' असं लिहून घ्यावं. स्थावर मिळकत दिली असेल तर संस्थेने नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल केला का, तेही विचारावं. पुढच्या वर्षीचा ताळेबंद मागवावा. त्यात त्या नावाने वेगळी ओळ असायला हवी. नसेल तर तिथेच, पहिल्याच वर्षी, लेखी विचारणा करावी, कारण दहा वर्षांनी तो ताळेबंद लिहिणारा कारकूनही तिथे नसतो.